घोडी बुजते, विकून टाकू का?

पत्र असं आहे:

“दिवाळीत अकलूजच्या घोडेबाजारातून सहा वर्षांची काठेवाडी घोडी घेतली. नाव मैना. विजापूर रस्त्याला, वडकबाळच्या अलीकडं मामांच्या मळ्यात ती असते. मी बँकेत नोकरीला, त्यामुळं रपेट फक्त रविवारी. मळ्यात ती गायीसारखी गरीब आहे, भाचरं पोटाखालून जातात. पण सीना नदीकडच्या गाडीवाटेला लागली की कशालाही बुजते. डाळिंबावरची जाळी, ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं, पांढरं पोतं, काहीही. महिन्याभरात दोनदा पडले. दुसऱ्यांदा ज्वारीतल्या चमकीच्या फितीला बुजून ती जागेवरच गर्रकन फिरली आणि मी बांधावर आदळले. मनगट अजून दुखतंय. मामा म्हणतात, दोन चाबूक ओढ, खोड मोडेल. गावातल्या एकांनी डोळ्याखालचा भोवरा दाखवला आणि अशुभ आहे, काढून टाका म्हणाले. आता रिकिबीत पाय घालतानाच माझे हात गार पडतात. विकून टाकू का? — एक वाचक, जुळे सोलापूर”

ताई,

आधी मनगटाचं बघा. मूठ आवळताना किंवा अंगठ्याच्या बुडाशी दाबल्यावर अजून कळ येत असेल तर डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढून घ्या. तिथलं छोटं हाड चिरलं तरी सुरुवातीला नुसतं मुरगळल्यासारखंच वाटतं आणि माणूस तेल चोळत बसतो. लगाम धरायचा हात आहे तो.

आता मैनाचं. विकू नका, एवढ्यात तरी नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्यात मला खोडील घोडी कुठंच दिसली नाही. ती चावत नाही, दुगाण्या झाडत नाही, पोरांना सांभाळून घेते. तीन-साडेतीन महिन्यांपूर्वी तिला ओळखीच्या जनावरांतून उचलून आणलं, आणि आता ती सहा दिवस दावणीला उभी राहते नि सातव्या दिवशी एकटीच रानात जाते. बाजारात ती शांत होती असं तुम्हाला आठवत असेल, तर ते खरंच असणार. तिथं चहूबाजूंनी घोडीच घोडी होती. घोडा कळपात जगणारं जनावर आहे. शंभर जोड्या कान पहाऱ्याला असले की एकाला डुलकी काढता येते. तुमच्या गाडीवाटेवर मात्र सगळा पहारा तिच्या एकटीवर, आणि पाठीवर बसलेल्या माणसाचाही श्वास अडकलेला.

तिला दिसतं कसं, हे एकदा समजून घेतलंत तर तिच्यावरचा राग निम्मा उतरेल. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला जवळजवळ सगळा गोल दिसतो. कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या अगदी मागं, एवढ्याच काय त्या आंधळ्या जागा. कुठं काही हललं की त्याला लगेच कळतं, पण ती वस्तू नेमकी काय आहे हे आपल्याइतकं स्वच्छ दिसत नाही. लाल आणि हिरव्यातला फरकही त्याला आपल्यासारखा समजत नाही. उन्हातून सावलीत शिरल्यावर डोळा सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून चिंचेच्या गर्द सावलीशी किंवा मोरीच्या तोंडाशी ती थबकते तेव्हा ती नाटक करत नसते. आणि जाताना उजव्या हाताला दिसलेलं पोतं येताना डाव्या हाताला आलं की बऱ्याच घोड्यांना ते नवं कोरं पोतं वाटतं. “आत्ता तर इथूनच गेली होती की” हे आपलं म्हणणं तिच्या हिशेबात बसत नाही.

चमकीची फीत तर बांधतातच पाखरं उडावीत म्हणून. वारा लागला की ती लखलखते आणि भणभणते. बुजगावणं या शब्दातच बुजणं आहे. पाखरांसाठी केलेल्या युक्तीला घोडी फसली, तर चाबूक कशाबद्दल?

चाबकाचं मी जरा सविस्तर सांगतो, कारण ती चूक माझ्या हातून झाली आहे. पंचविशीत असताना माझ्याकडं एक तांबडा घोडा होता. हिप्परग्याच्या बाजूला एका मोरीच्या चुना लावलेल्या कठड्याला तो बुजायचा. एक दिवस मी चिडलो, टाचा मारल्या, चाबूक ओढला. घोडा घाम फुटून थरथरत मोरीवरून गेला. मला वाटलं, मोडली खोड. पुढच्या खेपेला तो मोरीच्या तीस पावलं आधीच उभा राहिला. त्याच्या पुढच्या खेपेला मोरी दिसायच्या आधी, वळणावरच. मी नुसता चाबकाचा हात हलवला तरी तो बाजूला उडायचा. त्याच्या लेखी हिशेब सरळ होता: त्या पांढऱ्या कठड्यापाशी गेलं की मार बसतो, म्हणजे तिथं भ्यायला कारण आहेच. दोन फटक्यांत मी त्याची शंका खरी करून दिली होती. ती निस्तरायला पुरा हिवाळा गेला. रोज त्याला मोरीपर्यंत हातात धरून न्यायचो, जिथं थांबेल तिथं मीही थांबायचो, मूठभर हरभरे द्यायचो आणि परत यायचो. मामांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी जनावरं माझ्यापेक्षा जास्त सांभाळली असतील. पण बैल अडतो तेव्हा आणि घोडी बुजते तेव्हा आत चाललेली गोष्ट वेगळी असते. अडलेल्या बैलाला पुढं जायचं नसतं. बुजलेल्या घोडीला जीव वाचवायचा असतो.

भोवऱ्याचं मनावर घेऊ नका. डोळ्याखालच्या केसांच्या वळणानं कुठली घोडी बुजरी होत नाही. त्या डोळ्याकडं मात्र नीट बघा. सकाळच्या उजेडात दोन्ही डोळे शेजारी ठेवून पाहिल्यासारखे बघा: एकातून पाणी गळतं का, बुबुळावर निळसर झाक आहे का, एक डोळा उन्हात जास्त मिटतो का. रपेटीनंतर वहीत लिहून ठेवा की ती कुठल्या बाजूच्या वस्तूला बुजली. दहापैकी आठ वेळा एकच बाजू निघाली तर घोड्यांचा हात असलेल्या पशुवैद्यांकडून त्या बाजूचा डोळा तपासून घ्या. त्याच भेटीत दातही बघायला सांगा. दाढांच्या कडांना धारदार कंगोरे आले की ते गालाला आतून कापतात, आणि लगाम ओढला की कळ जाते. कळ सोसत चाललेली घोडी आधीच तणलेली असते, तिला मग पोतं नुसतं निमित्त. खोगीर काढल्यावर घामाचा ठसा पाहा. सगळी पाठ ओली आणि मध्येच तळहाताएवढी जागा कोरडी असेल तर खोगीर तिथं दाबतंय. कण्याच्या दोन्ही अंगांना दोन बोटं दाबत कमरेपर्यंत न्या. कुठं ती पाठ चोरते का, कान मागं टाकते का, बघा. हे सगळं स्वच्छ निघालं तरच पुढचं वाचा, कारण दुखण्यावर शिकवणीचा इलाज चालत नाही.

चंदी किती देता हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण नवीन घोडी म्हटल्यावर मळ्यात लाड चालू असणार. हरभरा, जव, मका, वर गूळ. काम आठवड्यातून एक दिवस आणि चंदी शर्यतीच्या घोड्याची, असं असेल तर ती उष्णता रविवारी तुमच्याच वाट्याला येणार. घोडीला दिवसभरात तिच्या वजनाच्या साधारण दीड ते दोन टक्के कोरडं खाद्य लागतं, म्हणजे तीनशे किलोच्या घोडीला साडेचार ते सहा किलो. त्यातला बहुतेक भाग कडबा आणि वाळलं गवत असू द्या, चंदी आठवड्याभरात हळूहळू उतरवा. (कोवळी हिरवी ज्वारी तिच्यापुढं टाकू देऊ नका, ती विषारी ठरू शकते.) आणि रोज अर्धा तास कुणीतरी तिला चालवायला हवं. गड्यानं नुसती हातात धरून बांधाबांधानं फिरवली तरी चालेल. तुमच्या रविवारच्या दोन तासांपेक्षा हे रोजचे अर्धे तास जास्त कामाचे आहेत.

आता शिकवणी. तिचं बुजणं बंद करायचं, हे मनातून काढून टाका. ते होणार नाही. तुमच्या पायाखालून तित्तर भुर्रकन उडाला तर तुम्हीही दचकाल. आपल्याला एवढंच शिकवायचंय की दचकलीस तर पाय रोवून जागेवर दचक, आणि मग एक कान माझ्याकडं फिरव. तो मागं वळलेला कान ही सगळ्यात मोठी कमाई. “हे काय आहे, तू सांग,” असं ती त्यातून विचारते.

सुरुवात मळ्यातच, जमिनीवर उभं राहून करा. तिला खुंट्याला बांधू नका. मोहरकीला, म्हणजे तोंडावरच्या दोरीच्या पट्ट्याला, तीन-चार मीटरची दोरी लावा, हातात धरा, हाताला गुंडाळू मात्र कधीच नका. काठीच्या टोकाला खताची रिकामी पिशवी बांधा आणि ती तिच्यापासून इतकी लांब हलवा की ती मान वर करून बघेल, पण पळणार नाही. हलवत राहा. ती सरकली तरी तुमचा हात थांबता कामा नये, फक्त जवळ जाऊ नका. ज्या क्षणी ती पाय थांबवेल, मान खाली सोडेल, ओठ चाटेल किंवा लांब फुरफुर करेल, त्याच क्षणी पिशवी खाली. पाठ फिरवा, दहापर्यंत मोजा. सगळा धडा त्या एका क्षणात आहे. ती उडाली तेव्हा थांबलात तर ती शिकेल की उडालं की पिशवी जाते. आणि ती शांत झाल्यावरही हलवतच राहिलात तर तिला वाटेल, शांत होऊन तरी काय उपयोग. बहुतेक माणसं इथंच चुकतात, आणि मग घोडीला दोष देतात.

दोन-तीन दिवसांनी भाच्याला ती पिशवी दोरीला बांधून पुढं ओढत न्यायला सांगा आणि तुम्ही मैनाला घेऊन मागून चाला. पळणाऱ्या वस्तूच्या मागं लागताना घोड्याला बळ येतं. भ्यायचं काम आता पिशवीचं असतं. पाच-दहा मिनिटांत ती नाक लांब करून पिशवी हुंगायला बघेल. ट्रॅक्टरलाही असंच सरावता येतं. ऊसाची रिकामी ट्रॉली पुढं आणि तुम्ही शंभर पावलं मागं, मग हळूहळू जवळ. समोरून येणाऱ्या ट्रॉलीपेक्षा पाठमोरी ट्रॉली निम्म्या भीतीची.

एका बसणीला पंधरा-वीस मिनिटं पुरेत. आषाढीला वाखरीच्या रिंगणात माउलींचा अश्व लाखो वारकऱ्यांच्या मधून, टाळमृदंगाच्या गजरात दौडतो. त्याचेही डोळे मैनासारखेच डोक्याच्या दोन बाजूंना आहेत. त्याच्या पाठीशी सवय आहे, आणि सवय अशीच थेंबाथेंबानं लागते.

वाटेवरची रपेट पहिले काही आठवडे एकटीनं करू नका. कुणाचा म्हातारा, शांत घोडा सोबत मिळाला तर फारच चांगलं, तो पुढं आणि मैना मागं. नाही मिळाला तर गडी पुढं चालू द्या, त्याला ती ओळखते. वेळ पहाटेची घ्या, वारा पडलेला असताना. वाऱ्यात चारी बाजूंनी आवाज आणि वास येतात आणि घोडीला कशाचा ठाव लागत नाही. वाट मुरमाची निवडा, पाऊस पडून गेलेल्या काळ्या रानात पाय घसरतो आणि उन्हाळ्यात तिथं भेगा असतात. डांबरी रस्त्यावर, त्यातही विजापूर हायवेवर, अजून नकोच. डोक्याला घोडेस्वारीचं हेल्मेट, टाच असलेले बूट, आणि मोबाईल खोगिरात न ठेवता तुमच्या खिशात. घोडी एकटी घरी आली आणि फोन तिच्याबरोबर गेला तर उपयोग काय? गळ्यात एक चामडी पट्टा किंवा जाड दोरी सैल बांधा. घाबरल्यावर हात काहीतरी धरतोच, त्यानं लगामाऐवजी ही दोरी धरावी.

बुजायच्या आधी ती सांगते. दोन्ही कान एकाच दिशेला खिळतात, मान वर येते, पाऊल आखूड पडतं, आणि मांडीखाली तिची पाठ फळीसारखी होते. हे शेवटचं सगळ्यात आधी कळतं, फक्त तुमची मांड सैल हवी. तेवढ्यात करायचं ते असं: श्वास आवाज करून सोडा, टाचा खाली दाबा, बोटं लगामावर मिटू द्या पण आवळू नका, आणि नजर त्या पोत्यावरून काढून पुढच्या बाभळीवर लावा. तुम्ही पोत्याकडं टक लावलीत की तिला वाटतं, हिलाही दिसलं म्हणजे आहेच काहीतरी. तिचं तोंड त्या वस्तूपासून किंचित दुसरीकडं वळवा, आतल्या, म्हणजे तोंड वळवलंत त्या बाजूच्या पायानं हलकं दाबा आणि तिला काहीतरी काम द्या, चार पावलं डावीकडं, चार उजवीकडं. कामात असलेली घोडी भुताटकीकडं कमी बघते.

ती थांबलीच तर थांबू द्या. जिथून ती उभी राहून बघू शकते तिथंच उभं राहा. पुढं रेटू नका, आणि गर्रकन मागंही फिरू देऊ नका. ती एक पाऊल पुढं टाकेल, लगाम सैल करून मान थोपटा. पुन्हा थांबा. पाच मिनिटं गेली तर जाऊ द्या, रविवार आहे.

गर्रकन फिरलीच, तर एका हातानं गळ्यातली दोरी किंवा आयाळ, दुसऱ्या हातानं एकच लगाम आखूड करत तिचं नाक तुमच्या गुडघ्याकडं आणायचं, आणि ती छोट्या गोलात फिरून थांबेपर्यंत सोडायचं नाही. थांबली की लगेच ढील. दोन्ही लगाम एकदम ओढू नका, सरळ मानेनं घोडी तुमच्यापेक्षा कधीही ताकदवान आहे. पण हे आधी मळ्यात, चालीवर, दोन्ही बाजूंना पन्नास वेळा घटवा. अरुंद बांधावर, उतारावर किंवा ती चौखूर उधळलेली असताना नाक असं ओढाल तर ती तुमच्यासकट कोसळेल. उधळलीच तर मांड धरून बसा आणि मोकळ्या रानात मोठा गोल घ्यायला लावा, जमलं तर चढाकडं.

उतरावंसं वाटलं तर उतरा, मात्र ती उडायच्या आधी. यात कमीपणा काही नाही. मीही आजवर अनेकदा उतरलोय. उतरून नेताना तुम्ही तिच्या आणि त्या वस्तूच्या मध्ये चाला. घोडी भीतीपासून लांब उडी मारते, दुसऱ्या बाजूला असलात तर थेट तुमच्या अंगावर येईल.

आता गार पडणाऱ्या हातांबद्दल. स्वीडनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांनी घोडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला, कुणी बसून, कुणी हातात धरून. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगितलं की आता वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री कुणी उघडलीच नाही, पण माणसाच्या छातीचे ठोके वाढले आणि सोबत घोड्याचेही वाढले. तुमच्या मनातली फीत मैनाला तुमच्या मांडीतून कळते. त्यावर ‘घाबरू नका’ हा सल्ला कुचकामी आहे, भीती काही हुकमानं जात नाही. आमच्याकडं घोड्यांची निगा राखणारे एक म्हातारे मोतद्दार होते. घोड्यावर मांड टाकली की ते कायम काहीतरी पुटपुटत असायचे, कधी अभंग, कधी नुसतं बाजाराचं सामान: मीठ, मिरची, काडेपेटी. लहानपणी मला ते देवाचं नाव घेतात असं वाटायचं. कारण मोठेपणी कळलं. बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही, आणि घोड्याला तो एकसुरी आवाज ऐकत राहिला की आधार वाटतो. तुम्हीही म्हणा काहीतरी. आणि पुढचे तीन-चार रविवार तिच्या पाठीवर बसूच नका. हातात धरून तीच वाट चाला, फीत, जाळी, पोतं सगळं तिला तुमच्या शेजारून बघू द्या. तुमची भीतीही त्याच वाटेवर उतरेल.

विकायचं कधी, तेही सांगतो. डोळे, दात, पाठ स्वच्छ आहेत, चंदी उतरवली, रोजची चाल सुरू केली, तीन महिने नेमानं शिकवलं, आणि तरीही ती मागच्या पायांवर उभी राहते किंवा आंधळी होऊन उधळते, तर ती तुमच्या हातची घोडी नाही. किंवा ती सुधारली पण तुमचे हात अजून गारच पडतात, तरीही. तेव्हा कसलेल्या स्वाराला द्या आणि बुजते हे तोंडावर सांगून द्या, चार पैसे कमी आले तरी. न सांगता दिली तर पुढं कुणाचं तरी पोर तिच्यावर बसेल.

तोवर एक काम आजच करा. लग्नसराई तोंडावर आली आहे. मळ्यात देखणी घोडी आहे हे आसपासच्या गावांना कळलं असणार, आणि वरातीला नवरदेवासाठी तिला मागायला कुणीतरी येणारच, कदाचित मामांच्या ओळखीचंच. बँजो, फटाके, डोळ्यांवर झालर आणि पाठीवर कधी घोड्यावर न बसलेला नवरदेव. यंदा कितीही जवळचं माणूस आलं तरी नाही म्हणा, आणि मामांना आत्ताच सांगून ठेवा.